काळी टाकी, करडी टाकी

हर्षदा उतेकर गाडीखाली उताणी पडली होती. हातात हॅकसॉ, डोळ्यांत पाइपचा पांढरा भुगा, पाठीखाली सांगोल्याची ढेकळं. आणि नवरा? नवरा डाळिंबाच्या सावलीत खुर्ची टाकून चहा पीत होता. तिला त्याचे फक्त पाय दिसत होते आणि त्यातला एक मजेत हलत होता. त्या हलणाऱ्या पायाचा तिला असा संताप आला, की ब्लेड सटकलं आणि अंगठ्याला लागलं.

"अहो, टॉर्च तरी धरा की!"

"कशाला एवढा खटाटोप करतेस गं?" रणजितचा आवाज वरून आला. "काही होत नाही. आजवर झालं का काही?"

"आजवर हुंग्या नव्हता."

"असू दे. त्याला काय घंटा कळतंय?"

घंटा कळतंय म्हणे! लायसन जायची वेळ आलीय आणि हा माणूस चहात पाव बुडवतोय. हर्षदाने अंगठा तोंडात घातला, दोन शिव्या मनातल्या मनात हासडल्या आणि पुन्हा ब्लेड पाइपला लावलं.

उतेकरांचं घर चाकांवर होतं. पुढे घरगाडी, तिच्यात पलंग, ओटा, न्हाणी, संडास. मागे ट्रेलर, त्यावर सातेरी मधमाश्यांच्या पेट्या. रानातल्या माश्या आता एवढ्या घटल्या होत्या, की फूल आलं तरी फळ धरेना. म्हणून बागायतदार उतेकरांसारख्या मधपाळांची आधीपासून बोलणी करून ठेवत. हिवाळा सरता सरता, आंबे बहाराला, सांगोल्यात डाळिंब, आणि जांभूळ फुलायला लागली की थेट महाबळेश्वरचं पठार. माश्या फुलांमागे आणि उतेकर माश्यांमागे. हायवेला गाड्या आता आपल्या आपण चालायच्या, पण घाटात, मागे जिवंत माल लावून, अजून माणसाचाच हात लागायचा. तो हात रणजितचा होता. ट्रेलरच्या परवान्याला दोन नावं लागतात म्हणून लायसन हर्षदानेही काढलं होतं. पण घाट लागला की रणजित तिला स्टिअरिंगच्या आसपास फिरकू देत नसे, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते बरंच वाटायचं.

असं सगळं छान चाललेलं असताना, गेल्या दसऱ्याच्या सुमाराला, पेट्या उघडता उघडता रणजित धाडकन आडवा झाला. डोळे फिरले, दातखीळ बसली, हातपाय झाडायला लागला. हातातली पोळ्याची चौकट त्याच्याच छातीवर पडली होती आणि माश्या त्याच्या तोंडावर बसत होत्या. आसपास चिटपाखरू नव्हतं. हर्षदाने एकटीने त्याला कुशीवर वळवलं आणि त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. तो शुद्धीवर येईपर्यंत ती काय काय बोलली, कुठल्या कुठल्या देवाला काय काय कबूल केलं, ते तिला आजही आठवत नाही.

डॉक्टरांनी दोन गोष्टी बजावल्या. गोळी एकदाही चुकवायची नाही, आणि एक वर्ष गाडी चालवायची नाही.

पहिली गोष्ट त्यांनी पाळली. दुसरी कशी पाळणार? माश्यांना कोण सांगणार, वर्षभर थांबा म्हणून? दोघांनी मिळून मनाची समजूत घातली, की गोळी पोटात असली म्हणजे फिट येत नाही, आणि फिट येत नाही म्हणजे गाडी चालवायला हरकत नाही. ही समजूत रणजितला चटकन पटली. हर्षदाला पटली नाही, पण तिने अडवलं नाही. त्या दिवसापासून प्रत्येक घाटात, प्रत्येक वळणाला, ती त्याच्या बोटांकडे बघत बसायची. बोटं घट्ट आहेत ना? थरथरत नाहीत ना? घाट संपला की तिची मान आखडलेली असायची.

तिला आधार होता तो एका गोष्टीचा. सकाळ-संध्याकाळ ती स्वतः त्याच्या तळहातावर गोळी ठेवायची. तो ती तोंडात टाकायचा, घोटभर पाणी प्यायचा आणि मग बेसिनपाशी जाऊन खळखळ चुळा भरायचा. एक नाही, चार चार चुळा!

"पाणी काय फुकट येतं का हो?" ती करवादायची. घरगाडीत पाणी मोजकंच असतं.

"तोंड कडू होतं गं. तू खाऊन बघ एकदा."

बरं बाबा, भर चुळा. गोळी घेतोयस ना, मग पाणी गेलं तर जाऊ दे.

आता हा हुंग्या म्हणजे काय, ते सांगायला हवं.

प्रत्येक घरगाडीला दोन टाक्या असतात. संडासाची ती काळी, आणि बेसिन-न्हाणीच्या पाण्याची ती करडी. करडीतलं पाणी झाडांना सोडलं तरी चालतं. काळी मात्र सरकारी निचरा केंद्रावरच रिकामी करायची. पठारावर कृष्णा-कोयनेसारख्या नद्यांचे उगम, म्हणून काळी टाकी पायथ्याला रिकामी केल्याशिवाय घरगाडीला घाट चढू देत नाहीत. इथवर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. यंदा त्या केंद्रांवर एक नवं यंत्र बसलं. त्याचं सरकारी नाव लांबलचक आहे, लोकांनी आपलं हुंग्या ठेवलं.

टाकीतून पहिली धार निघाली की हुंग्या त्यातला घोटभर नमुना ओढून घेतो आणि त्यात काय काय आहे ते वाचतो. साथीच्या रोगांचे जंतू वाचतो, तशी औषधंही वाचतो. शहराच्या गटारांत हे कधीपासून चालू आहे आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण तिथे लाखो माणसांचं पाणी एकत्र येतं. आजार कळतो, आजारी माणूस कळत नाही. घरगाडीच्या टाकीत मात्र दोनच माणसं असतात. तिथे आजार कळला की माणूसही कळला. यंत्र बसवणाऱ्यांनी एवढा विचार केला नव्हता, की केला होता आणि बरंच झालं म्हणाले होते, देव जाणे. आता नियम असा, की फिटवरचं, झोपेचं किंवा नशेचं औषध सापडलं तर त्या गाडीच्या चालकाची तपासणी होते आणि लायसन तिथल्या तिथे गोठतं.

वाईला घरगाडीवाल्यांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा तांबोळी मॅडम नावाच्या निरीक्षकबाईंनी हे सगळं हौसेने समजावून सांगितलं. आपलं शरीर औषध जसंच्या तसं बाहेर टाकत नाही, त्या म्हणाल्या. यकृत त्याची मोडतोड करतं आणि ते मोडके तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात. हुंग्या ते तुकडे शोधतो. तुकडा सापडला म्हणजे औषध कुणाच्या तरी पोटात गेलेलं आहे.

"आणि मॅडम, कुणी टाकीत नुसतं पाणीच भरून आणलं तर?" हर्षदाने अगदी साळसूदपणे विचारलं.

तांबोळी मॅडम खूश झाल्या. हा त्यांचा आवडता भाग होता. मिरचीच्या झाडांना एक विषाणू होतो, त्या म्हणाल्या. माणसाला तो काही करत नाही. मिरचीतून, मसाल्यातून पोटात जातो आणि तसाच्या तसा खाली उतरतो. आपल्याकडे मिरची न खाणारा माणूस दाखवा! म्हणून हुंग्या आधी तो विषाणू मोजतो. भरपूर सापडला तर पाणी खरोखर माणसाच्या संडासातलं. नाही सापडला तर लबाडी.

हर्षदाने आणखी चार-पाच प्रश्न विचारले. मॅडमना वाटलं, किती चौकस बाई आहे.

वाईला हर्षदाच्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. टी, एल्बो, कपलर असले पाइपांचे जोड हीच तिची लहानपणची खेळणी. गाडीखाली एकदा डोकावल्यावर तिच्या लक्षात आलं, की काळ्या टाकीला सरकारी सील दोन आहेत. एक व्हॉल्व्हच्या बोल्टांवर, एक बाहेरच्या तोंडाच्या झाकणावर. मधल्या हातभर पाइपकडे कुणीच लक्ष दिलेलं नव्हतं. तो पाइप कापायचा, तिथे टी बसवायची, आणि करड्या टाकीचं पाणी बॅटरीच्या पेटीमागून वळवून त्या टीमध्ये आणून सोडायचं. गाडीच्या अंगाला दोन हँडलं होतीच, एक काळ्याचं, एक करड्याचं. केंद्रावर आधी करडं ओढायचं. पहिली धार बेसिनच्या पाण्याची जाईल, हुंग्या ती हुंगेल, हिरवा दिवा लागेल. मग करडं बंद, काळं चालू. आणि बेसिनच्या पाण्यात मिरचीचा विषाणू कुठून येणार? तो हर्षदाच्या मिक्सरमधून येणार.

त्या दिवसापासून उतेकरांच्या गाडीत रोज खर्डा व्हायला लागला. हिरव्या मिरच्यांचा, लाल मिरच्यांचा, भाजलेल्या, न भाजलेल्या. मिक्सरचं भांडं धुतलेलं पाणी बेसिनमध्ये.

"एवढा खर्डा खाणार कोण?" रणजितच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"तुमचं लायसन खाणार. गप्प जेवा."

"हर्षदा, मी खरंच सांगतो, तू हे पाइपाचं काही करू नकोस. हुंग्याला काही सापडणार नाही."

"का नाही सापडणार? रोज दोन गोळ्या गिळता तुम्ही!"

 तो ताटातला खर्डा भाकरीने इकडून तिकडे सारत बसला. याला कशाचीच काळजी नाही, असं मनात म्हणून हर्षदा पाइप चिकटवायच्या सॉल्व्हंटचा डबा घेऊन पुन्हा गाडीखाली शिरली. पहिल्या खेपेला सांधा ठिबकला. तिने तो कापून पुन्हा बसवला आणि पुसून पुसून बोट फिरवून पाहिलं. कोरडा होता. तरी तिला त्या सांध्याची स्वप्नं पडायची.

माश्या संध्याकाळी घरी परतल्या, की पेट्यांची दारं जाळीने बंद करून निघायचं आणि ऊन तापायच्या आत पोचायचं, ही मधपाळांची पद्धत. कोंडलेल्या पेटीत ऊन शिरलं की माश्या पंख मारून मारून थकतात, मेण मऊ होऊन पोळी खचतात आणि त्या आतल्या आत मरतात. हर्षदाने हिशेब केला होता, की घाटपायथ्याच्या निचरा केंद्रावर उजाडता उजाडता पोचू. पण त्या दिवशी शनिवार होता हे ती विसरली. पुण्याच्या हौशी घरगाड्यांची रांग लागली होती. कुणाच्या छपरावर सायकली, कुणाच्या खिडकीत कुत्रं. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि पसरणीच्या डोंगरावरून ऊन खाली उतरत होतं.

ट्रेलरवरून येणारा गुणगुणाट चढत चालला होता. त्या आवाजावरून माश्यांचा जीव किती घाबरा झालाय ते दोघांनाही कळत होतं. रणजितने गोणपाटं भिजवून पेट्यांवर टाकली. एरवी अशा वेळी तो कावराबावरा व्हायचा. आज शीळ वाजवत होता. हर्षदा मात्र दर दोन मिनिटांनी गाडीखाली डोकावत होती.

"या या, उतेकरताई!" नंबर आला तेव्हा तांबोळी मॅडमनी ओळखलं. "माश्या का मागे? मग पटकन उरकू. जोडते हं मी."

त्यांनी झाकणाचं सील तोडलं, जाड नळी पाइपच्या तोंडाला चढवली, कड्या आवळल्या आणि पलीकडे यंत्राच्या पडद्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "ओढा हँडल."

हर्षदाने करडं ओढलं. पाइपातून गुडगुड आवाज झाला. पाणी निघालं. हुंग्याने आपला घोट घेतला आणि त्याच्या पोटात घरघर सुरू झाली. हर्षदाचं सगळं लक्ष बॅटरीच्या पेटीखालच्या जमिनीकडे होतं. थेंब पडतोय का? नाही. पडला का? नाही.

"अगं बाई!" तांबोळी मॅडम ओरडल्या.

हर्षदाने दचकून पेटीखाली वाकून पाहिलं.

"काय खाता काय तुम्ही लोक? मिरचीचा काटा पार टोकाला गेलाय! असा कुणाचा बघितला नव्हता."

"हे जरा तिखटच खातात," हर्षदा कसंबसं म्हणाली. ती हसलीसुद्धा. जमलं की! आता बाकीचे दिवे हिरवे झाले की झालं.

एक हिरवा झाला, दुसरा झाला. तिसरा पिवळा झाला.

तांबोळी मॅडमनी चष्मा खाली ओढला. "औषध दिसतंय. फिटवरचं आहे."

हर्षदाच्या कानात गुणगुणाट भरला. माश्यांचा की स्वतःच्या डोक्यातला, कळेना. कसं शक्य आहे? काळं हँडल बंद होतं. व्हॉल्व्ह गळतोय का? आपलाच सांधा कुठे चुकला?

"पण हे विचित्र आहे," मॅडम म्हणाल्या. त्या पडद्याच्या आणखी जवळ गेल्या. "औषध अख्खं आहे. मोडका तुकडा एकही नाही. म्हणजे हे पोटात गेलेलंच नाही. गोळ्या नुसत्या पाण्यात विरघळल्यात. आणि एखाददुसरी नाही, बऱ्याच आहेत."

"पोटात गेलेलंच नाही," हर्षदा म्हणाली. ती विचारत नव्हती, मॅडमचे शब्द नुसते परत म्हणून बघत होती.

बेसिनचं पाणी. चुळा. चार चार चुळा.

तिने रणजितकडे पाहिलं. तो ट्रेलरपाशी पाठमोरा उभा होता, हातात ओलं गोणपाट. ते पेटीवर टाकायचं तो विसरला होता. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि शीळ थांबली होती.

"कुणी जुन्या गोळ्या संडासात टाकल्या का?" तांबोळी मॅडमनी विचारलं. "लोक टाकतात. टाकू नयेत, पण त्यावरून मी कुणाचं लायसन नाही घेत. असं करू, मधल्या धारेचा दुसरा नमुना घेऊ. त्यात तुकडे नसले, तर या गाडीत हे औषध कुणी घेत नाही असं धरायचं आणि मी गाडी सोडते."

"घ्या की मॅडम!" रणजित गर्रकन वळला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "खुशाल घ्या. चल हर्षदा, ओढ. माश्या उकडतायत बघ."

हर्षदाने काळ्या हँडलला हात घातला.

नुसतं ओढायचं होतं. ओढलं की काळ्या टाकीतलं पाणी येणार, हुंग्या ते हुंगणार आणि त्यात काहीच सापडणार नाही. कारण त्यात काही नाहीच. तिने पाइप कापला नसता, खर्डा कुटला नसता, नुसती हातावर हात ठेवून बसली असती, तरी काहीच सापडलं नसतं. 'हुंग्याला काही सापडणार नाही' असं तो सांगत होता, ते खरंच होतं. जे मिळावं म्हणून तिने एवढा आटापिटा केला, तो स्वच्छ नमुना आत्ता तिच्या मुठीत होता. तो घेऊन घाट चढायचा. रणजित स्टिअरिंगवर आणि त्याच्या रक्तात गोळीचा कणही नाही.

तिला दिवेघाट आठवला. संक्रांतीनंतर तो उतरताना तिला डुलकी लागली होती. कितीतरी दिवसांनी ती गाडीत निर्धास्त झोपली होती. गोळ्या लागू पडल्या म्हणून.

"अहो, जरा इकडे या," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

तो आला. मॅडम पडद्यापाशी होत्या, पंप चालू होता, त्यांना ऐकू जाण्यासारखं नव्हतं.

"कधीपासून?"

"हर्षदा, आत्ता नको."

"कधीपासून थुंकताय?"

रणजितने गोणपाट पिळलं. पाणी त्याच्याच बुटांवर पडलं. "संक्रांतीपासून. अगं, गोळी घेतली की घाटात मला दोन रस्ते दिसतात. एकावर एक. कुठला खरा तेच कळत नाही. एकदा चुकीच्या रस्त्यावर चाक घातलं मी, कठड्याला घासलं, तू म्हणालीस टायर बदलायला हवा. आठवतंय? गोळी सोडली आणि रस्ता एक झाला. तुझ्या जिवासाठीच सोडली."

"मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू चालवू दिलं असतंस?"

"नसतं दिलं!"

"मग?" तो म्हणाला. "आणि फिट आली का एकदा तरी? नाही ना आली? ओढ ते हँडल."

तिला त्याला बदडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन रस्ते बघत हा माणूस एकटा गाडी चालवत होता आणि आपण त्याच्या बोटांकडे बघत होतो! बोटांवरून काय कळणार होतं, डोंबल? पण उद्याच्या वळणाला, परवाच्या वळणाला हे हात एकदम झाडायला लागले तर? खाली दरी, मागे ट्रेलर, समोरून येणारी कुणाची पोरंबाळं. तिला ते सगळं इतकं स्पष्ट दिसलं, की हँडलवरची तिची मूठ आपोआप सुटली.

"ताई, ओढा ना," तांबोळी मॅडमनी हाक मारली. "रांग वाढतेय."

"मॅडम, दुसरा नमुना नको."

"का?"

"तो स्वच्छ येईल."

"मग बरंच आहे की!"

"नाही, बरं नाही," हर्षदा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "ह्यांना फिट येते. गोळ्या चालू आहेत, पण हे घेत नाहीत, बेसिनमध्ये थुंकतात. तुम्ही मघाशी घेतलात तो नमुना बेसिनचा होता. मी पाइप जोडलाय. या, दाखवते."

"हर्षदा!" रणजित ओरडला. ते ओरडणं असं होतं, की पलीकडच्या गाडीतलं कुत्रं भुंकायला लागलं.

तांबोळी मॅडम वाकल्या. बॅटरीच्या पेटीमागे टॉर्च मारून त्यांनी तो सांधा पाहिला, त्यावर बोट फिरवलं.  उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "प्रशिक्षणात एवढे प्रश्न विचारत होतात, ते याच्यासाठी? आणि मी मूर्ख, उत्तरं देत बसले!"

हर्षदाने मान खाली घातली. 

पुढचं सगळं झटपट झालं. रणजितने लायसन यंत्रासमोर धरलं आणि ते गोठलं. तपासणी होईपर्यंत त्याने कसलीही गाडी चालवायची नाही. पाइपातली टी केंद्राच्या माणसांनी कापून काढली, दोन्ही टाक्या रिकाम्या केल्या, नवी सीलं ठोकली. दंड होणार, तो किती ते मागाहून कळणार होतं. रणजित ट्रेलरच्या दांडीवर बसून राहिला. त्याने कुणाकडे पाहिलं नाही. पेट्यांतला आवाज आता गुणगुणाट राहिला नव्हता, एकसारखी घरघर झाली होती. एका जाळीला आतून माश्यांचा थर येऊन चिकटला होता.

तांबोळी मॅडम जायला वळल्या आणि त्यांचं लक्ष त्या जाळीकडे गेलं.  "ट्रेलरला जोड-चालक कोण आहे?"

"मी," हर्षदा म्हणाली.

"घाट चालवलाय कधी?"

"नाही."

"मग हळू जा. मागून कुणी हॉर्न मारला तर मारू द्या." एवढं बोलून त्या पुढच्या गाडीकडे निघून गेल्या.

हर्षदा चालकाच्या सीटवर चढली. सीट तिला मागे होती, ती पुढे ओढली. आरसा तिला आभाळ दाखवत होता, तो खाली वळवला. रणजित शेजारी येऊन बसला, खिडकीकडे तोंड करून. आयुष्यात पहिल्यांदा तो त्या बाजूला बसत होता आणि पट्टा कुठे अडकवायचा ते त्याला सापडत नव्हतं. तिने तो अडकवून दिला. मग पर्समधून गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली.

"दोन रस्ते दिसतात ते सोमवारी डॉक्टरांना सांगायचं. गोळी बदलून देतील. तोवर हीच. घ्या."

त्याने गोळी बोटांत फिरवून पाहिली. मग तोंडात टाकली, पाणी प्यायला.

"आ करा."

"हर्षदा..."

"आ करा म्हणते ना! जीभ वर."

त्याने जीभ वर केली. गोळी गेली होती. तिने डॅशबोर्डच्या खणातली मधाची बाटली काढून त्याच्या बोटावर थोडा मध ओतला. "कडू लागतं ना? हे चाटा. यापुढे चूळ नाही."

त्याने मध चाटला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण तिला आता तिकडे बघायला फुरसत नव्हती. तिने गाडी सुरू केली. मागे ट्रेलरने हिसका दिला, पेट्या करकरल्या, चाकं फिरली. केंद्राचं फाटक मागे गेलं. रस्ता चढायला लागला आणि समोर पहिलं वळण आलं, डाव्या अंगाला खडक, उजवीकडे नुसतं आभाळ.  दुसऱ्या गिअरमध्येच तिने गाडी वळवायला घेतली. ट्रेलर मागून येतोय का? येतोय. आला. मागून कुणीतरी हॉर्न मारला. मारू दे.

वळण पार पडल्यावर तिने क्षणभर शेजारी पाहिलं. रणजितने एका हाताने दाराची मूठ आवळून धरली होती. तो रस्त्याकडे बघत नव्हता, तिच्या बोटांकडे बघत होता.

"भीती वाटतेय?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"वाटू दे. मला दसऱ्यापासून वाटतेय."

आणि ती पुढच्या वळणाकडे बघायला लागली.